खर्ड्याचे वेळापत्रक आणि विद्यापीठाचे

दिवाळीच्या आगेमागे जामखेड तालुक्यातल्या वाड्या-वस्त्या रिकाम्या होऊ लागतात. त्या सुमारास खर्ड्याच्या आसपासच्या कितीतरी घरांना कुलूप लागलेले असते. ट्रॉलीत पिठाचे डबे, गोधड्या, सरपण, लेकरे आणि कोयते भरून टोळ्या ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. पावसाळ्यात टोळीच्या मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, फेडायची असते. माणसे परततात ती उन्हाळ्याच्या तोंडाशी. मधल्या काळात गावात उरतात म्हातारी माणसे, त्यांच्या भरवशावर ठेवलेली शाळकरी मुले आणि ज्यांच्या विहिरीला पाणी आहे अशी थोडी घरे.

नेमक्या याच दिवसांत, बहुधा डिसेंबर-जानेवारीत, महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची निवासी शिबिरे गावोगाव भरतात. सकाळी श्रमदान, दुपारी व्याख्यान, रात्री सांस्कृतिक कार्यक्रम. मुले मनापासून राबतात, गटारे उपसतात, बंधाऱ्यात साचलेला गाळ काढतात. आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या तरी ओसरीवर बसून भाकरी खातात, आणि त्या भाकरीचे मोल मी कमी लेखत नाही. पण ज्या कुटुंबांना आरोग्याची, हिशेबाची, कायद्याची, शेतीची माहिती सर्वांत जास्त हवी, ती त्या आठवड्यात तीनशे किलोमीटरवरच्या फडात मोळ्या बांधत असतात. शिबिराची तारीख ठरते ती सत्रपरीक्षा कधी संपतात आणि अनुदानाचा हिशेब कधी द्यायचा यावरून.

विद्यापीठाला गावाला काही शिकवायचे असेल, तर आधी गावाचे वेळापत्रक मान्य करावे लागेल, असे माझे म्हणणे आहे. ते एकदा मान्य केले की वर्ग कुठे भरवायचा, विद्यार्थी कोण असावा आणि प्रयोग फसला तर तोटा कोणी सोसायचा हे प्रश्न आपोआप समोर येतात. विद्यापीठांचे आजवरचे बहुतेक विस्तारकार्य, म्हणजे आवाराबाहेरचे शिक्षणकार्य, त्या प्रश्नांपर्यंत पोहोचलेलेच नाही.

खर्डा महाराष्ट्राला माहीत आहे तो ११ मार्च १७९५ च्या लढाईमुळे. निजामाचा पराभव इथे झाला आणि मराठी सरदार एका झेंड्याखाली लढल्याचा तो शेवटचा मोठा प्रसंग ठरला. निंबाळकरांचा भुईकोट किल्ला अजून उभा आहे आणि तो पाहायला लांबून माणसे येतात. बालाघाटच्या डोंगररांगांमधला हा भाग अवर्षणप्रवण. काळ्या कातळावर कुठे हातभर तर कुठे वीतभर माती. रब्बीची ज्वारी, खरिपाचा उडीद, तूर, अलीकडे सोयाबीन आणि कांदा. जामखेड इथून वीस-पंचवीस किलोमीटर. अहिल्याबाई होळकरांचे जन्मगाव चौंडी याच तालुक्यात. ज्याच्या हद्दीत हा भाग येतो ते पुण्याचे विद्यापीठ मात्र एसटीने कित्येक तासांच्या अंतरावर, आणि बाजाराला आलेल्या माणसाच्या मनात तर त्याहूनही दूर.

विद्यापीठाने चार भिंतींबाहेर शिकवावे ही कल्पना आपल्याकडे आयात झाली असे सांगितले जाते. जेम्स स्टुअर्ट यांच्या प्रयत्नांतून १८७३ मध्ये केंब्रिज विद्यापीठाने गावोगावी व्याख्याने सुरू केली, आणि तिथून ही चळवळ पसरली हे खरे आहे. पण त्यानंतर नऊच वर्षांनी, १८८२ च्या ऑक्टोबरात, जोतीराव फुल्यांनी शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे जे निवेदन ठेवले त्यात याहून मूलगामी मागणी होती. सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, ही त्यांची तक्रार. गावातल्या शाळेत वाचन-लेखन आणि हिशेबाबरोबर शेतीचे आणि आरोग्याचे प्राथमिक ज्ञान द्या, ही मागणी. पुढच्याच वर्षी लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये ते बंधारे, पाणी, जनावरांची पैदास, शेतीची प्रदर्शने यांवर बोलतात. स्टुअर्ट विद्यापीठातले ज्ञान बाहेर नेत होते. फुले विचारत होते, ज्याच्या पैशावर हे ज्ञान उभे आहे त्याच्या वाट्याला यातले काय येते? पुण्याच्या विद्यापीठाला २०१४ पासून सावित्रीबाई फुल्यांचे नाव आहे. तो प्रश्न त्या नावाबरोबर आलेला आहे, असे मी मानतो.

कागदावर उत्तर केव्हाच दिले गेले. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९७७ मध्ये विस्तार हे अध्यापन आणि संशोधनाच्या बरोबरीचे तिसरे कर्तव्य ठरवले. त्याआधी १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, राष्ट्रीय सेवा योजना आली होती. पुणे विद्यापीठाचे बहिःशाल शिक्षण मंडळ पहिले कुलगुरू बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या नावाने महाविद्यालयांत व्याख्यानमाला भरवते. तालुक्याच्या गावाला एरवी जे वक्ते ऐकायला मिळाले नसते ते त्यामुळे ऐकायला मिळाले. मात्र व्याख्यान भरते महाविद्यालयाच्या सभागृहात, कामाच्या दिवशी, आणि समोर बसतात हजेरीसाठी वर्गातून आणलेली मुले. राज्याच्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात आजीवन अध्ययन व विस्तार मंडळाची तरतूद आहे. उच्च शिक्षण संस्थांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात विस्ताराला गुण आहेत आणि त्या गुणांसाठी छायाचित्रे लागतात. छायाचित्र कार्यक्रमाचे निघते. एखाद्या बाईने आठ महिन्यांनी आपल्या लेकराच्या जुलाबावर घरीच योग्य उपाय केला, त्याचे छायाचित्र निघत नाही, आणि म्हणून तिला शिकवण्याचे काम कुणाच्याच अहवालात येत नाही.

हे काम कसे करायचे याचा धडा शोधायला खर्ड्याला लांब जावे लागत नाही. तो जामखेडला आहे आणि पन्नास वर्षांहून जुना आहे.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले दांपत्य. त्यांनी नगर जिल्ह्यातल्याच वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काही वर्षे काम केले. बरे होऊन गेलेले रुग्ण तोच आजार घेऊन पुन्हा येतात, आणि यातले बहुतेक आजार मुळात टाळता येण्यासारखे आहेत, हे तिथे त्यांच्या लक्षात आले. मग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन ते परतले आणि १९७० मध्ये जामखेडला त्यांनी ग्रामीण आरोग्याचा सर्वंकष प्रकल्प सुरू केला. त्या वेळी या भागात जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी १७६ पहिल्या वाढदिवसाच्या आत दगावत होती.

सुरुवातीला त्यांनीही तेच केले जे कुणीही शहाणा माणूस करेल. प्रशिक्षित परिचारिका गावांत नेमल्या. ते जमले नाही. बाहेरून आलेली मुलगी गावात एकटी कशी राहणार, आणि राहिली तरी गाव तिचे ऐकेल कशाला? तेव्हा गावांनीच आपल्यातली एक बाई निवडून द्यावी असे ठरले. ज्या बायका आल्या त्यांतल्या अनेक निरक्षर होत्या, अनेक दलित, काही विधवा, काही नवऱ्याने टाकलेल्या. ज्यांना गावात कुणी बोलू देत नव्हते त्यांनाच गावाचे आरोग्य सोपवायचे, हा निर्णय धाडसाचा होता. त्यामागे एक व्यवहारी समजही होती. ही बाई गाव सोडून बदलीवर जाणार नव्हती.

त्यांचे शिक्षण कसे चालले ते विस्तारकार्याच्या प्रत्येक अधिकाऱ्याने नीट पाहावे. एकदाच महिनाभराचा अभ्यासक्रम घेऊन प्रमाणपत्र हाती दिले, असे झाले नाही. त्या दर आठवड्याला जामखेडला येत, मुक्काम करत, वेगवेगळ्या जातींच्या बायका एकत्र जेवत आणि झोपत. एका वेळी एखादीच गोष्ट शिकायची, गावात जाऊन ती करून पाहायची, आणि पुढच्या आठवड्यात काय घडले ते सांगायचे. जुलाब झालेल्या बाळाला लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून पाजायचे, हे सांगायला दोन मिनिटे पुरतात. ते पाणी पाजल्याने बाळाचे दुखणे वाढेल असे ठामपणे सांगणाऱ्या सासूपुढे काय बोलायचे, हे शिकायला अनेक आठवडे लागतात. ते कुठल्या पुस्तकात नसते. दुसऱ्या गावातल्या बाईने ते कसे जमवले, हे तिच्याच तोंडून ऐकावे लागते. म्हणजे शिक्षक डॉक्टर असले तरी वर्गातले निम्मे ज्ञान विद्यार्थिनींकडून येत होते.

आणि आरोग्याचा वर्ग आरोग्यावरच थांबला नाही. शेतकरी मंडळे निघाली, महिला मंडळे निघाली. दुष्काळात हातपंप बसवायचे ठरले तेव्हा ते दलित वस्तीत बसतील असे पाहिले गेले. सगळ्या गावाला पाण्यासाठी तिकडे जावे लागले. पाण्याच्या रांगेत जे शिकले गेले ते समतेवरच्या कुठल्याही व्याख्यानाने शिकवले नसते.

पुढे काय झाले हे जगाला माहीत आहे. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ‘हेल्थ बाय द पीपल’ हे पुस्तक काढले त्यात जामखेडवर प्रकरण होते, आणि तीन वर्षांनी आल्मा-आताच्या परिषदेत प्राथमिक आरोग्याची जी संकल्पना मांडली गेली तिला अशा प्रयोगांचा आधार होता. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. बालमृत्यूचे प्रमाण दोन-अडीच दशकांत हजारी तिशीच्या खाली आले. देशोदेशीचे विद्यार्थी जामखेडला येऊन या बायकांकडून शिकून गेले. मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती अशी की जॉन्स हॉपकिन्समध्ये शिकून आलेले ज्ञान जामखेडच्या बाईपर्यंत पोहोचले, तिच्या हातून बदलले, आणि मग जॉन्स हॉपकिन्ससारख्या ठिकाणी परत शिकवले गेले.

जामखेडचा प्रकल्प विद्यापीठाचा नव्हता हे मला ठाऊक आहे. म्हणूनच तो विद्यापीठांना अस्वस्थ करायला हवा. एका दांपत्याला जे सुचले आणि टिकवता आले, ते शेकडो प्राध्यापक आणि हजारो विद्यार्थी असलेल्या संस्थेला का जमू नये? कृषी विद्यापीठांकडे पाहिले तर थोडी आशा वाटते, कारण विस्तार हा त्यांच्या स्थापनेचाच भाग आहे. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८ चे. त्याचे एक महाविद्यालय जामखेड तालुक्यातच हाळगावला आहे. कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाची मुले-मुली कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणून काही महिने गावात राहतात. सात दिवसांच्या शिबिरापेक्षा ही योजना कितीतरी चांगली, आणि पावसाळ्यात येते म्हणून टोळीची माणसेही घरी असतात.

इथेही एक बारीक खोच आहे. मुले अनेकदा खरिपाची पेरणी उरकल्यावर गावात पोहोचतात आणि मग बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक होते. सोयाबीनचे घरचे बियाणे तपासायचे ते मेमध्ये. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे, आठवड्याने उगवलेले मोजायचे. सत्तरच्या वर असतील तर एकरी तीस किलो पेरावे, कमी असतील तर प्रमाण वाढवावे. याला खर्च काही नाही, आणि दुबार पेरणीचे संकट त्यातून टळू शकते. मेमध्ये ऊसतोडीहून आलेली माणसे गावात असतात, लग्नसराईमुळे सगळे भेटतात. विद्यापीठाला मात्र मेमध्ये सुट्टी.

रब्बीच्या ज्वारीबाबत राहुरीच्या शास्त्रज्ञांनी फार उपयोगाचे काम केले आहे. एकच वाण सगळीकडे पेरू नये, मातीची खोली पाहून ठरवावा. फूटभर माती असेल तर फुले अनुराधा किंवा फुले माऊली, दोन फुटांपर्यंत फुले सुचित्रा, त्याहून खोल भारी जमिनीत फुले वसुधा. पहार घेऊन चार ठिकाणी खड्डा पाडला की कळणारी ही गोष्ट. खर्ड्यासारख्या ठिकाणी एकाच शेताच्या वरच्या बांधाला मुरूम आणि खालच्या अंगाला काळी माती असते, तिथे तर ती सोन्यासारखी. पण ज्या मालदांडी ३५-१ या वाणाने अनेक दशके सोलापूर-नगरची भाकरी पिकवली, तो मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडला गेला तो शेतकऱ्यांच्या स्थानिक ज्वारीतूनच, हे त्याच वर्गात सांगितले पाहिजे. शिकणाऱ्याच्या आजीने राखलेल्या बियाण्यावर विद्यापीठ उभे आहे, हे कळले की ऐकण्याची तऱ्हा बदलते.

शेतकरी नवे स्वीकारत नाही असे म्हणण्याची पद्धत आहे. मला ते अन्यायाचे वाटते. १९०३ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये टेरेल गावी कृषितज्ज्ञ सीमन नॅप यांनी वॉल्टर पोर्टर या शेतकऱ्याच्या रानात प्रात्यक्षिक घेतले. शेत शेतकऱ्याचे, मेहनत त्याची, पद्धत नॅप यांची. मात्र प्रयोग फसला तर नुकसानभरपाई देण्यासाठी गावातल्या व्यापाऱ्यांनी आधीच निधी बाजूला काढला होता. पोर्टरला फायदाच झाला आणि निधीला हात लावावा लागला नाही. १९१४ मध्ये अमेरिकेने कायदा करून विद्यापीठांमार्फत विस्तारसेवा देशभर नेली, तिची मुळे या शेतात आहेत. आपण तिथली प्रात्यक्षिके घेतली, विस्तार अधिकारी घेतले, तो निधी तेवढा तिथेच राहिला. एक एकर कोरडवाहू असलेल्या बाईला नवा वाण करून पाहा असे सांगताना वर्षाच्या भाकरीची जोखीम आपण तिच्याच पदरात टाकतो. विद्यापीठाने गावागणिक दहा-बारा प्रयोगशील शेतकऱ्यांच्या नुकसानीची लेखी हमी घेतली, तर त्याचा खर्च एखाद्या चर्चासत्राच्या मंडपाइतकाही येणार नाही.

आता ऊसतोड कामगारांच्या अभ्यासक्रमाबद्दल. व्यावहारिक शिक्षण म्हटले की शिवणयंत्र, मोबाइल दुरुस्ती, मेंदी आणि केक एवढेच आठवावे याचे मला वाईट वाटते. खर्ड्याच्या परिसरातल्या हजारो कुटुंबांचा सर्वांत मोठा व्यवहार म्हणजे उचल. समजा नवरा-बायकोच्या एका जोडीने, म्हणजे एका कोयत्याने, एक लाख पाच हजार उचलले आणि तोडणीचा दर टनाला साडेतीनशे रुपये धरला. फेडायला तीनशे टन ऊस तोडावा लागेल. रोज दोन टन, एकही खाडा न करता, तर दीडशे दिवस. त्यात आजारपण नाही, पाऊस नाही, मोडलेला ट्रॅक्टर नाही, आणि आठवड्याच्या किराण्यासाठी मध्ये घेतलेले पैसे तर धरलेच नाहीत. कारखान्याचा हंगाम त्याआधीच आटोपला तर उरलेली उचल पुढच्या वर्षावर जाते. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, तिचा आपल्या हिशेबावर परिणाम काय झाला हे पाहण्यासाठी वजनकाट्याची पावती वाचता यावी लागते आणि वही ठेवावी लागते. वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना जमेल असे हे गणित आहे. ऑगस्टमध्ये, मुकादमाशी बोलणी होतात तेव्हा, आठवडी बाजाराच्या दिवशी एक टेबल आणि चार मुले बसली तर पुरे.

तेवढेच महत्त्वाचे आरोग्य. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. कोप्यांत, म्हणजे टोळीच्या तात्पुरत्या झोपड्यांत, ना मोरी, ना पाणी, ना पाळीच्या दिवसांत खाडा करण्याची सोय. पोटात दुखते म्हणून गेलेल्या बाईला दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्यायचे असते, हे कोणी सांगितलेले नसते. जामखेडच्या पद्धतीने प्रत्येक टोळीतली एक बाई तयार करता येईल. तिला टोळीनेच निवडावे, तिचा वर्ग जूनपासून दसऱ्यापर्यंत दर आठवड्याला जवळच्या गावी भरावा, आणि निघताना तिच्याकडे औषधांची पेटी व एका डॉक्टरचा फोन नंबर असावा.

पण दसऱ्यानंतर तिला कोण शिकवणार? खर्ड्याचा माणूस सहा महिने एका विद्यापीठाच्या हद्दीत असतो आणि सहा महिने दुसऱ्याच्या. कोल्हापूर, सांगली, सातारा ही ऊसपट्ट्यातली मोठी नावे १९६२ मध्ये स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या क्षेत्रात येतात. त्याही विद्यापीठाची राष्ट्रीय सेवा योजना आहे, तिथेही डिसेंबर-जानेवारीत शिबिरे होतात, तीही एखाद्या बागायती गावात, जिथल्या शिवारातच बाहेरून आलेल्या टोळीच्या कोप्या असतात. पुण्याच्या शिबिराला जी माणसे सापडत नाहीत ती कोल्हापूरच्या शिबिरापासून हाकेच्या अंतरावर आहेत. दोन्ही विद्यापीठांनी मिळून एक नोंदवही ठेवावी, इतकीच माझी सूचना आहे. खर्डा-जामखेड भागातल्या महाविद्यालयांनी सप्टेंबरात टोळ्यांच्या घरी जाऊन विचारावे: कुठल्या कारखान्याला जाणार, बरोबर शाळकरी मुले किती, गरोदर बाई कोण, आरोग्याचे काम शिकलेली बाई कोण, आणि रेशन तिकडे घेता येते हे माहीत आहे का. ती यादी नोव्हेंबरात तिकडच्या महाविद्यालयांकडे जावी. तिकडच्या मुलांनी शिबिराची जागा निवडताना कोप्यांजवळची निवडावी आणि वेळ रात्रीची ठेवावी, गाडी भरून झाल्यावरची. मार्चमध्ये यादी परत यावी, तिच्यात काय झाले ते लिहून. मेमध्ये खर्ड्याला गोणपाटातले सोयाबीनचे दाणे मोजायला बसताना पुण्याच्या मुलांच्या हातात ती असेल. सुट्टीतल्या त्या कामाचे श्रेयांक विद्यार्थ्यांना आणि त्यांच्याबरोबर राहिलेल्या प्राध्यापकाला मिळावेत, यासाठी विद्यापरिषदेच्या एका ठरावाची गरज आहे.